भीमाकाठच्या भोपळा पिकवणाऱ्यांना, मिरजेहून

पंढरपूर, मंगळवेढा आणि भीमेच्या काठावरच्या गावांत तंबोऱ्याचा भोपळा लावणाऱ्या सर्व दादांना आणि ताईंना,

सप्रेम नमस्कार.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गावभर पेढे वाटले गेले, कारागिरांचे सत्कार झाले, वर्तमानपत्रांत फोटो आले. मानांकनाच्या कागदावर नाव मिरजेचं आहे आणि ते मिरजेनं कमावलेलं आहे. पण ज्या वाद्याला हा मान मिळाला, त्याचा अर्धा देह तुमच्या रानात वाढतो. सत्काराच्या भाषणांत ते राहून गेलं. म्हणून हे पत्र.

मिरजेची बाजू सर्वांना ठाऊक आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तंतुवाद्यांकडे वळले. हत्यारांचं काम आटत चाललं होतं आणि हाताला कसब होतं. पुढे घराण्यांची आडनावंच सतारमेकर झाली. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला आलेले विष्णु दिगंबर पलुस्कर इथलेच विद्यार्थी. गायक अब्दुल करीम खाँ इथे राहिले आणि १९३७ साली गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच विसावले. गाणारी माणसं शेजारीच असल्यानं वाद्यात कुठे खोट राहिली ते कारागिराला लगेच कळायचं. मिरजेचा तंबोरा असा सुधारत गेला. हे सगळं सांगून झालेलं आहे. तुमचं काम मात्र कुणी नीट मांडलेलं नाही.

तंबोऱ्याची दांडी हवी तशी तासता येते. तबली, म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणारी लाकडी फळी, रंध्यानं पातळ करता येते. खुंटी सैल झाली तर दुसरी कातता येते. भोपळ्याचं तसं नाही. त्याचा घेर, त्याची गोलाई, सालीची जाडी हे सगळं वेलीवर ठरतं आणि एकदा ठरलं की कारागीर त्यात फार काही करू शकत नाही. पुरुषांच्या तंबोऱ्याला पन्नास इंचांच्या आसपास किंवा त्याहून मोठा घेर लागतो, बायकांच्या तंबोऱ्याला त्याहून लहान, सतारीला आणखी लहान. लाकडाचा किंवा फायबरचा पोकळ गोळा करून बघणारे आहेत. पण एकसंध, कुठेही सांधा नसलेलं, वजनाला हलकं आणि तरी कडक असं कवच वेलीइतकं चांगलं अजून कुणाला जमलेलं नाही.

त्यासाठी तुम्ही काय करता, ते वाद्य वाजवणाऱ्यांनीही एकदा वाचावं. एका वेलीवर मोजकीच फळं ठेवायची आणि बाकीची लहान असतानाच खुडायची, नाहीतर एकही मोठं होत नाही. फळ जमिनीला टेकू लागलं की खाली फरशी, फळी किंवा सुकं गवत सारायचं. ते सरळ बसवायचं, पण देठ पिरगळू द्यायचा नाही, कारण देठ दुखावला की फळाची वाढ तिथेच थांबते. फळ भरल्यावर पाणी तोडायचं. त्यानंतरचं काम सगळ्यात अवघड, ते म्हणजे काहीही न करणं. वेल वाळतो, पानं गळतात, रान मोकळं दिसायला लागतं, पुढच्या पिकाची घाई असते, तरी भोपळा तसाच वेलीवर राहू द्यायचा. नख रुतत नाही, उचलला तर आकाराच्या मानानं हलका लागतो, हलवला तर आत बिया वाजतात, तेव्हाच तो काढायचा.

यातली एक पायरी चुकली तरी ती मिरजेत दिसते. ओल्या मातीवर टेकलेल्या भोपळ्याला खालून काळसर डाग पडतो. वरून तो नुसता डाग वाटतो, पण आत साल भुसभुशीत झालेली असते. वाद्य पुरं होतं, तारा चढतात, दांडी आणि घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, यांच्यामार्फत त्यांचा ताण भोपळ्यापर्यंत पोहोचतो आणि काही महिन्यांनी चीर नेमकी त्या डागातून निघते. कोवळा काढलेला भोपळा वाळताना आकसतो, त्याला सुरकुत्या पडतात, गोलाई जाते. एका अंगानं बसका असेल तर गळ्याचं लाकूड आणि तबली दोन्ही बसवताना कारागिराला तडजोड करावी लागते. वाळत आलेल्या फळांवर अवकाळी पाऊस पडला तर बुरशी. उजनी धरणातून पाणी सुटून भीमा फुगली तर काठावरचं रानच पाण्याखाली. त्यातून वाचलेला माल गाडीत गवत न घालता भरला तर वाटेत तडे जातात. एवढ्या सगळ्यातून जो अखंड भोपळा मिरजेत उतरतो, त्याच्या किमतीवरून घासाघीस करताना आम्हा मिरजकरांची जीभ थोडी अडखळायला हवी.

कारखान्यात भोपळा आला की कारागीर आधी त्याच्यावर बोटाच्या पेरानं ठोकतो. देठाशी, मग कुशीला, मग तळाशी. सगळीकडून एकच कोरडा, भरीव टणत्कार आला तर साल सारखी आहे. एखाद्या जागी आवाज दबला तर तिथे खडूनं खूण होते. मग भोपळा पाण्यात भिजत पडतो, कारण कोरड्या सालीला करवत लावली की ती तडकते. तोंड कापून आतला वाळका गर आणि बिया खरवडून काढतात. तोंडात काठ्यांचे टेकू देऊन हव्या त्या रुंदीला ताणून सावलीत सुकवतात. उन्हात घाईनं सुकवलं तर तोंड वाकडं होतं. मग गळा, तून लाकडाची दांडी, तबली, सांध्यांना सरस, वरून लाखेचं पॉलिश. शेवटी घोडी आणि जवारी.

जवारी, म्हणजे तारेचा नाद खुलावा म्हणून घोडी घासून जुळवणं, हा कारागिराचा खास प्रांत, पण तीही तुमच्या भोपळ्यावरच अवलंबून आहे. घोडीचा माथा कानशीनं अगदी हलका उतरता घासतात, म्हणजे कंप पावणारी तार त्याला नुसती चाटून जाते. तारेखाली सुताचा धागा, म्हणजे जीवा, सरकवतात. धागा केसभर पुढे-मागे झाला तरी आवाज बंद होतो नाहीतर खरखरतो. बरोबर जागी आला की एका तारेतून अनेक स्वर उमलताना ऐकू येतात. हे जे ऐकू येतं ते घोडीवर जन्मतं आणि भोपळ्यात मोठं होतं. साल फार जाड असेल तर नाद आतच घुटमळतो. फार पातळ असेल तर आवाज मोठा पण पोकळ येतो आणि वाद्य टिकत नाही. जवारी बिघडली तर पुन्हा काढता येते. भोपळा बिघडला तर वाद्य संपतं.

यातले काही भोपळे फिरून तुमच्याकडेच येतात. वारीत वीणेकऱ्याच्या खांद्यावर जी वीणा असते, तिलाही भोपळा लागतो, आणि तशा वीणा मिरजेत घडतात.

उसानं तुमच्याकडची किती जमीन धरली आहे ते आम्हाला दिसतं. उसाला साखर कारखाना ठरलेला असतो. भोपळ्याला गिऱ्हाईक थोडं, जागा मोठी अडते आणि किती फळं वाद्याच्या लायकीची निघतील ते वाळेपर्यंत कळत नाही. खाता येत नाही, कडू असतो, म्हणजे नाकारलेला माल मंडईतही नेता येत नाही. तरी तुम्ही लावता. तुम्ही लावलं नाही तर मानांकनाचा कागद भिंतीवर राहील आणि कारखान्यात टांगायला भोपळे नसतील. मिरजेतल्या दुकानदारांना आमचं सांगणं आहे की चांगल्या भोपळ्याचा भाव फळ वेलीवर असतानाच ठरवा, थोडी रक्कम आगाऊ द्या आणि डागी निघालेल्या मालाचा सगळा तोटा शेतकऱ्यावर ढकलू नका. आणखी एक गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. तबली चिकटवण्याआधी भोपळ्याच्या आत पेन्सिलनं पिकवणाऱ्या गावाचं नाव लिहा. वीस-तीस वर्षांनी कुणी दुरुस्तीसाठी तबली उघडली तर ते वाचता येईल.

बियांबद्दल एक विनंती. भोपळा आणि भाजीचा दुधी ही एकाच जातीची झाडं. दोन्हींची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि पतंगासारखे कीटक इकडचे पराग तिकडे नेतात. शेजारी दुधीचा वेल असेल तर यंदाचं फळ बिघडत नाही, पण त्यातलं बी पुढच्या साली लांबट, पातळ सालीचं काहीतरी देतं आणि दुधीच्या बियांतून कडू दुधी निघतो. असा कडू दुधी पोटात गेला तर माणूस चांगलाच आजारी पडतो. म्हणून बियाण्याचा वेल दुधीपासून दूर ठेवा. आणि घरचं बी मिसळलं असं वाटत असेल तर ते पेरू नका. कारखान्यात दर भोपळ्यातून मूठमूठ बी निघतं आणि झाडून टाकलं जातं. यापुढे ज्या भोपळ्याचा घेर आणि साल दोन्ही मनासारखी निघेल, त्याचं बी वेगळं सुकवून, पुडीवर घेर लिहून ठेवायला आम्ही कारागिरांना सांगितलं आहे. माल घेऊन याल तेव्हा पुड्या मागून घ्या. गाडी रिकामी परत जाऊ देऊ नका.

आपले ऋणी,
मिरजेची वाद्यप्रेमी मंडळी