बाबा, पाणी टेलला पोहोचतं

ओझर, जि. नाशिक

ती. आई-बाबांना सा. न.

बाबांची साखर तपासली का असं फोनवर विचारलं की "झाली, झाली" एवढंच कानावर पडतं. म्हणून आई, रिपोर्टचा फोटो तूच पाठव, तोही दोन्ही पानांचा. इकडे सगळे बरे आहेत. थंडी मात्र निफाडकडून सरकत सरकत आमच्यापर्यंत आली आहे. द्राक्षांचे घड भरायच्या दिवसांत पारा असा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्यामुळे घरात झोप कुणाचीच पुरी होत नाही.

बाबा, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, "पाण्याचं दार शेतकऱ्याच्या हातात दिलं की डोकी फुटतात." फोनवर तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, तुम्ही सरळ फोन आईकडे देता. पत्र तेवढं शेवटपर्यंत वाचावं लागेल.

मुळा कालव्यावर तुमची सगळी नोकरी झाली, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची दशा मी तुम्हाला काय सांगणार? इथेही तेच होतं. वाघाड धरण वर दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर, आणि ओझर कालव्याच्या शेवटाला. जमीन कागदावर लाभक्षेत्रात, पण वरचे लोक पाणी घेऊन उरलं तर खाली यायचं, आणि ते उरायचं नाही. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी इथल्या शेतकऱ्यांना घेऊन तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या : महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर. त्या वेळी असा कायदा नव्हता. महाराष्ट्राचा सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम आला २००५ मध्ये. त्याच्या आधीच, २००३ मध्ये, वाघाडवरच्या सगळ्या संस्थांनी मिळून प्रकल्प पातळीवरची एक संस्था केली आणि अख्ख्या प्रकल्पाचा कारभार अंगावर घेतला. लोक आधी आणि कायदा मागून, हा क्रम तुम्हाला खटकेल हे माहीत आहे.

लोक हे सांगताना "एकी, एकी" म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. एकी लग्नाच्या मांडवात दिसते आणि बांधावर मोडते. इथे जे टिकलं ते मोजमापावर. तुमच्या वेळी पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र बघून लागायची. पाणी मागायचा सात नंबरचा अर्ज भरायचा, पीक मंजूर करून घ्यायचं, मग त्या रानात पाणी कमी घेतलं काय किंवा रात्रभर वाहू दिलं काय, आकारणी तीच. मग कोण कशाला दार वेळेवर बंद करेल? घनमापनात, म्हणजे पाण्याच्या मापावरच्या आकारणीत, पाटबंधारे खातं संस्थेच्या तोंडाशी पाणी मोजून देतं आणि बिल त्या पाण्याचं येतं. आत ते कसं वाटायचं, कुठलं पीक घ्यायचं, हे संस्थेचं आणि शेतकऱ्याचं. आमच्याकडे सभासदाला तासांवर आकारणी होते. घड्याळ लागलं की माणूस चारी, म्हणजे शेताकडे येणारा छोटा पाट, आपोआप साफ ठेवतो, कारण गवतात अडलेलं पाणी त्याच्याच पैशाचं असतं.

पाण्याची पाळी शेवटच्या शेतापासून सुरू होते आणि वर सरकत येते. यात उदारपणा काही नाही, नुसता व्यवहार आहे. खालच्याचं भिजेपर्यंत वरच्याला थांबावं लागतं, म्हणून चारी कुठे फुटली, कुणी मधेच दार उघडलं, यावर वरचाच माणूस डोळ्यात तेल घालून नजर ठेवतो. तुम्ही रात्री सायकलवर जी राखण करायचात, ती इथे ज्याची पाळी यायची आहे तो फुकटात करतो.

आणि हो, डोकी. गेल्या हंगामात आमच्याच चुलत सासऱ्यांनी रात्री पाळी नसताना दार उघडलं. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने पाहिलं, वहीत लिहिलं, सभेत दंड लागला. सासूबाईंनी घरात तांडव केलं, "आपल्याच माणसाचं नाव वहीत?" तुमचे जावई सभेत होते आणि त्यांनी एक शब्द काढला नाही, म्हणून चुलत घराने आमच्या हळदीकुंकवाला पाठ फिरवली. पण दंड भरला. पुढच्या पाळीला चुलत सासरे स्वतः कंदिलासारखी मोठी बॅटरी घेऊन चारीवर बसले होते, दुसरा कोणी उघडतोय का ते बघायला! डोकं कुणाचंच फुटलं नाही. बोलणं मात्र अजून जेमतेमच आहे.

आई, तू हे वाचून हसत असशील. तुझ्या मोसम खोऱ्यात हे सगळं तीनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलं होतं. तुझे आजोबा फडाचे जागले, म्हणजे राखणदार, होते ना? लहानपणी तू सांगायचीस तेव्हा मला वाटायचं जागल्या म्हणजे नुसती पाखरं हाकणारा. आता कळतं की ते केवढं पक्कं तंत्र होतं. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, दरवर्षी पीक फिरवायचं, आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. म्हणजे कुणी कायमचा वरचा नाही आणि कुणी कायमचा टेलचा नाही. पाऊस कमी झाला तर सगळ्यांनी मिळून एखादा फड कोरडा ठेवायचा, तोटा सर्वांना सारखा. हवालदार, पाटकरी, जागल्या या फडाच्या माणसांचा मोबदला गावच द्यायचं. बाबा, तुमच्या खात्याच्या कितीतरी आधी आईच्या माहेरी पाणी वाटलं जात होतं, हे जेवताना एकदा तिला म्हणून दाखवा. पुढे वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याला त्याला आपलंच पाणी पुरेसं वाटू लागलं आणि बहुतेक फड विस्कटले. म्हणून मी वाघाडकडेही फार भोळेपणाने बघत नाही. इथेही आता जो तो शेततळं आणि ठिबक यांत गुंतलाय. द्राक्षवाल्याला कालव्याचं पाणी हवं असतं ते विहिरीला पाझर म्हणून. सुरुवातीच्या लोकांनी ओढ्या-नाल्यांवर बंधारे बांधून ते कालव्याच्या पाण्याने भरायची युक्ती काढली, म्हणून विहिरी टिकल्या. पण विहीर एकदा भरली की सभेला यायचा कंटाळा येतो, ही खरी काळजी आहे.

माझी दुसरी तक्रार वेगळी. संस्थेचं सभासदत्व जमिनीवर, आणि सातबाऱ्यावर नाव पुरुषांचं. रात्री दारं धरायला चिखलात मी उभी, आणि सभेत मत तुमच्या जावयांचं. यंदा अर्धा एकर माझ्या नावावर करायचं बोलणं मी काढलं आहे. सासरे "बघू" म्हणाले. तुम्हाला माहीत आहे, या घरात "बघू" म्हणजे नकार नसतो.

आता कामाचं. पाणी मोजायच्या फ्लूमच्या पट्टीवर पाण्याची उंची वाचायची आणि तक्त्यावरून विसर्ग काढायचा, हे इथल्या नव्या पोरांना नीट येत नाही. मोबाइलवर फोटो काढतात आणि अंदाजाने लिहितात. तुमच्या कपाटातली तक्त्यांची जाड वही अजून आहे का? असेल तर ती घेऊन पुढच्या पाळीला या. चार दिवस राहा, पोरांना शिकवा, चुकले तर ओरडा, त्यांना तशी सवय आहे. मी आधीच चेअरमनना सांगून ठेवलंय की निवृत्त कालवा निरीक्षक येताहेत, तेव्हा आता माघार घेता येणार नाही.

राहुरीहून थेट नाशिक गाडी मिळाली तर द्वारकाला उतरा, हे न्यायला येतील. आई, लसणाची चटणी आण, पण बाबांच्या पथ्याचं काय ते डॉक्टरांना विचारून. आणि गुडघ्याचा पट्टा विसरू नका, चारीचा बांध चढावा लागतो.

तुमची,
ताई