सुमे, ती तान तुझीच होती

प्रिय सुमे,

दोन वर्षं झाली ना गं. तुझा दिवाळीचा मेसेज आला, त्याला मी दोन पणत्या पाठवल्या आणि गप्प बसले. रागव, तुझा हक्कच आहे. इकडे सगळे बरे, माझं बीपी गोळीने ताब्यात आहे, ह्यांची पाठ थंडीत धरते, बाकी काही नाही. लिहायला बसले कारण परवा रात्रीपासून मला धड झोप नाही, आणि घरात सांगून कुणाला कळत नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, छान वाजवलंस ना, मग झालं की. त्यांचं बरोबरच आहे, त्यांना मिरज कुठे माहितीये.

तर गिटार. तीन वर्षं झाली आता. आणि आम्ही राहतो ते इंडियानापोलिस म्हणजे जॅझ गिटारवाल्या वेस माँटगोमेरीचं गाव गं, मिरजेत राहून अब्दुल करीम खाँसाहेब कोण असं विचारता येत नाही तसंच इथे गिटार घेतली की वेस. आमचे सर सत्तरीच्या पुढचे, पोस्टातून रिटायर झालेले, जिना चढताना दोनदा थांबतात पण गिटार हातात आली की वय कुठल्या कुठे जातं. पहिले तीन आठवडे त्यांनी मला फक्त दोन-दोन स्वर वाजवायला लावले. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन, हे तीन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरांचे झुबके, जॅझमध्ये जिकडेतिकडे ह्याच क्रमाने येतात, आणि प्रत्येकातला तिसरा आणि सातवा स्वर तेवढा धरायचा. पहिल्यात एफ आणि सी. कॉर्ड बदलला की एफ जागेवरच राहतो आणि सी अर्धा स्वर उतरून बी होतो. पुढच्या कॉर्डला बी जागेवर, एफ अर्धा उतरून ई. एवढंच. पण ते अर्ध्या स्वराचं उतरणं एकदा कानात बसलं की मागे साथीला कुणी नसलं तरी आपण कुठे आलोय ते कळतं. मला बाईंची आठवण आली, तबला बंद करून समेवर यायला लावायच्या ना आपल्याला, अगदी तसं.

मग स्केल. तुला गंमत सांगते, जी सेव्हनवर वाजवायची एक सरगम आहे, जी ला सा धरायचा, तिच्यात दोन्ही निषाद, तेही लागोपाठ! वरच्या सा वरून उतरताना शुद्ध नी, लगेच कोमल नी, मग ध प म ग रे. मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा वाटलं बाई आता तंबोरा भिंतीला टेकवून आत निघून जाणार. पण कारण ऐक. एका मात्रेत दोन स्वर घेत उतरलं तर सात स्वरांत हिशोब चुकतो, पुढच्या सप्तकात गेलं की कॉर्डचे स्वर ठोक्यावरून घसरतात. एक स्वर जास्तीचा घातला की आठ होतात, आणि सा, ध सोडून बाकी... थांब, चुकले, सा प ग आणि कोमल नी, हे चार कॉर्डचे, आणि वरच्या सा वरून ठोक्यावर सुरू केलं तर चारही बरोबर ठोक्यावर. म्हणजे कुठून उठायचं हेही ठरलेलं. किती विचार केलाय गं ह्या लोकांनी.

आणि तिसरं म्हणजे लिक. लिक म्हणजे आपली जागा. बाईंची अमुक जागा उचलली म्हणायचो ना, तेच. रेकॉर्ड लावायची, दोन बारांचा (बार म्हणजे इथे चार मात्रा) तुकडा ऐकायचा, आधी तोंडाने गायचा, मग बोटांतून काढायचा, मग बाराच्या बारा पट्ट्यांत बसवायचा. माझी वही आहे त्याची, एकेचाळीस जागा झाल्यात. सरांचा नियम असा की प्रत्येक तुकड्यासमोर ज्याचा त्याचं नाव लिहायचं. चार्ली पार्कर, क्लिफर्ड ब्राउन, वेस. नाव नसेल तर ते पान बघतच नाहीत. वेस स्वतः असाच शिकला. चार्ली ख्रिश्चन म्हणून आधीचा गिटारवाला, त्याच्या रेकॉर्ड ऐकून वेसने त्याचे सोलो, म्हणजे एकट्याने वाजवलेले तुकडे, जसेच्या तसे पाठ केले, आणि इथल्याच एका क्लबात त्याला काम मिळालं ते तेवढंच वाजवायला. पाठ केलेले सोलो वाजवायचे आणि संपले की गप्प बसायचं, दुसरं काही येतच नव्हतं. दिवसा कारखान्यात काम, रात्री हे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास नको म्हणून पिक, म्हणजे तार छेडायची चकती, सोडून अंगठ्याने वाजवायला लागला आणि जन्मभर अंगठ्यानेच वाजवलं. १९६८ मध्ये गेला, अवघा पंचेचाळीस वर्षांचा. तुझ्या-माझ्यापेक्षा लहान गं.

आता परवाचं. इथे एका ठिकाणी गुरुवारी जॅम असतो, म्हणजे आलेल्यांनी मिळून आयत्या वेळी वाजवायचं, नाव लिहायचं आणि बोलावलं की वर जायचं. मला ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसचं ‘सो व्हॉट’ वाजवायला मिळालं, १९५९ चं, कॉर्डची फार भानगड नाही म्हणून नवख्यांना तेच देतात. ते तुला कळेल अशा भाषेत सांगते. सोळा बार सा पांढरी दोन, म्हणजे इथली डी, मग आठ बार काळी दोन, परत आठ बार पांढरी दोन. एकशे अठ्ठावीस मात्रांचं आवर्तन, थाट काफी, आणि मध्येच सा उचलून अर्ध्या स्वराने वर ठेवतात! तंबोरा कुठे लावणार सांग.

वर गेले आणि एकेचाळीसमधली एकही जागा आठवेना. मागे ड्रम चाललेत, बास चाललाय, मी दोन बार नुसती उभी. आणि मग बोटांतून आपोआप निघालं ग म ध नि सां, वरून उतरताना सां नि ध, तिथे ध वर थांबून परत ध नि ध म. आलं ना लक्षात? बागेश्री. तुझ्या वाड्याची गच्ची, वाळत घातलेल्या कुरडया, तू पाय सोडून बसलेली, आणि तो ध वरचा थांबा जमेपर्यंत मला भडंगाला हात लावू देत नव्हतीस. काळी दोनचे आठ बार आले तेव्हा मी तेच एक घर वर सरकवलं, गिटारीला तेवढंच लागतं, आणि सुमे, असं वाजलं ते! बासवाल्याने मान वर करून बघितलं. लोकांनी मध्येच टाळ्या दिल्या.

खाली उतरले तर म्हातारा ड्रमर आला, हात हातात घेतला आणि विचारलं, ते ध वर थांबणारं कुणाचं? आणि मी म्हणाले, माझंच.

दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा मी तेच म्हणाले.

सत्त्याण्णवचा युवा महोत्सव तू विसरली नसशील. माझा नंबर आधी होता, मी तुझी तान घेतली, आणि मागून तू घेतलीस तेव्हा परीक्षकांनी तुलाच सांगितलं की मैत्रिणीचं उचलू नये, स्वतःचं काही करावं. आणि मी तिथे तानपुऱ्यामागे बसलेली होते आणि बोलले नाही. तू नंतर एसटी स्टँडवर विचारलंस तर वर तुलाच म्हणाले, तान काय कुणाच्या बापाची असते, बागेश्रीत स्वर तरी किती. सहा महिने बोलली नाहीस. मग तुझ्या ताईच्या लग्नात जिलब्या वाढताना हसलीस आणि आपण दोघींनी तो विषय पुरून टाकला. पण चोरली होती गं मी. समजून उमजून चोरली होती, आदल्या रात्री उशाशी घोकत होते.

तू म्हणशील एवढ्याशा तानेचं काय घेऊन बसलीस. मला राहून राहून वाटतं की सगळेच उचलतात, बाईंनीही कुणाकडून तरी घेतलेलंच होतं, वेस तर राजरोस दुसऱ्याचे सोलो वाजवून पगार घेत होता, मग माझंच का टोचतंय? तर तो जे वाजवत होता ते चार्ली ख्रिश्चनचं आहे हे क्लबातल्या सगळ्यांना माहीत होतं. माझं कुणालाच माहीत नव्हतं. तू गाणं सोडलंस ते सासरच्या व्यापामुळे, त्या दिवसामुळे नाही, हे तू मला शंभरदा सांगितलंयस, आणि शंभरदा मी हो म्हणालेय, पण मला ते कधीच पटलेलं नाही. खरं काय ते आता तरी सांग. शिव्या घाल हवं तर.

काल क्लासला गेले तेव्हा वही काढली आणि बेचाळीसवी जागा लिहिली. समोर लिहिलं: सुमन, मिरज. सरांनी देवनागरी बघून विचारलं हे कोण. मग सांगितलं सगळं, अगदी एसटी स्टँडपर्यंत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले पुढच्या गुरुवारी त्या ड्रमरलाही सांग. सांगणार आहे.

तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसाय? पिल्लूची बारावी ह्या वर्षी ना? सायन्सच घेतलं का शेवटी? आणि तू म्हणालीस ते शिकवणीचं सुरू केलंस का, दोन मुली आल्या होत्या ना, त्या टिकल्या का? सगळं लिही.

आणि एक काम कर. ध नि ध म नंतर तू खाली कशी यायचीस? ग रे सा सरळ यायचीस की मध्ये प ला शिवून? तेवढं मला आठवत नाहीये, मी तिथे काहीतरी जुळवून घेतलं आणि ते बरोबर नाही हे वाजवताना कळत होतं. महोत्सवातही मी ते नीट घेतलं नव्हतं, तू घेतलं होतंस. फोनवर गाऊन पाठव. आवाज बसलाय वगैरे सांगू नकोस, तंबोरा नसला तरी चालेल, पांढरी दोनमध्ये गा म्हणजे मला बसवता येईल.

वाट बघतेय.

तुझी
मंजी