टॉर्च आडवी धरा, म्हणालात

ॲशवेलच्या सेंट मेरी चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या आजीबाईंना,

स. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्हीही माझं विचारलं नाहीत. चर्च बंद करायची वेळ झाली होती, किल्ल्यांचा जुडगा तुमच्या हातात होता, आणि मी दारात उभी. स्टेशन गावापासून दोन मैल लांब आहे हे लेकीनं सांगितलं होतं, पण मी ते हसण्यावारी नेलं. पायी येता येता जीव मेटाकुटीला आला. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत, जुडगा परत खिशात टाकलात आणि म्हणालात, या. त्यापुढचा पाऊण तास तुम्ही मला दिलात. त्याबद्दल हे पत्र. मराठीत लिहितेय, कारण मनापासून मला एवढ्याच भाषेत लिहिता येतं. लेक तुम्हाला वाचून दाखवेल.

मी मोडी वाचते. लोक जुनी खरेदीखतं, वतनाचे कागद, कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीच्या, प्रती घेऊन येतात, मी त्या बाळबोधीत उतरवून देते. त्यामुळे परदेशात गेले तरी माझे डोळे आधी अक्षरं शोधतात. इंग्लंडातल्या हर्टफर्डशरमधल्या एका चर्चच्या भिंतींवर चौदाव्या शतकातल्या माणसांनी ओरखडून लिहून ठेवलंय, एवढ्या ऐकीव माहितीवर मी किंग्ज क्रॉसहून केंब्रिजच्या गाडीत बसले होते.

टॉवर लांबूनच दिसला. 176 फूट उंची, वर शिशाच्या पत्र्यानं मढवलेलं टोक. एवढ्याशा गावाला एवढा मनोरा कशाला, असं मी म्हटल्यावर तुम्ही जरा दुखावलात बहुतेक. मग सांगितलंत की 1086 च्या डोम्सडे नोंदींत, म्हणजे राजानं करवलेल्या जमिनींच्या पाहणीत, ॲशवेल हे बाजारपेठेचं गाव होतं आणि मालकी वेस्टमिन्स्टर ॲबी या मठाची. म्हणजे आमच्या भाषेत देवस्थान इनाम. पैसा होता, बाजार होता, म्हणून मनोरा. पटलं.

आत आले आणि पहिल्यांदा जाणवला तो उजेड. आमच्या गाभाऱ्यात अंधार असतो, देव समईच्या उजेडात दिसतो. तुमच्याकडे मोठमोठ्या खिडक्या, त्यातली मध्ययुगातली रंगीत काच बहुतेक सगळी गेलेली, आणि साध्या काचेतून पांढरा लख्ख प्रकाश खांबांवर पडलेला. खरं तर माझी निराशाच झाली. खांब मला कोरे दिसत होते. इतक्या लांब येऊन कोऱ्या खांबांकडे बघत बसायचं?

तेव्हा माझ्याकडून ती चूक झाली. एका खांबावर काहीतरी पुसट दिसलं आणि सवयीनं माझं बोट तिकडे गेलं. मोडीत शाई उडालेली असली की आम्ही बोरूचा मार्ग बोटानं हवेत गिरवतो, मग अक्षर कळतं. मी हवेत नाही, थेट दगडावर गिरवणार होते. तुम्ही ओरडला नाहीत. माझं मनगट हलकेच धरलंत, बाजूला घेतलंत आणि त्याच हातात तुमची छोटी टॉर्च ठेवलीत. म्हणालात, समोरून नको, आडवी धरा, खांबाला जवळजवळ टेकवून.

आणि खांब बोलायला लागला.

आडव्या उजेडात प्रत्येक ओरखड्याची एक कड उजळली, दुसरी काळी पडली. जिथे काही नव्हतं तिथे ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. टॉर्च जराशी सरळ केली की पुन्हा कोरा दगड. मी चार-पाच वेळा तसं करून पाहिलं, लहान मुलासारखं. तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

तिथला दगड क्लंच, म्हणजे खडूच्या जातीचा, मऊ, जवळपासच खणून काढलेला. सुरीच्या टोकानं त्यावर पत्र लिहावं इतका मऊ. बाहेरून तो पावसानं झिजतो, म्हणून टॉवरची डागडुजी संपतच नाही, असं तुम्ही सुस्कारा टाकून म्हणालात. आमच्या काळ्या पाषाणावर कुणी खिळ्यानं लिहायला गेला तर खिळाच बोथट होईल. आमच्याकडे दगडावर लिहायला छिन्नी लागते, पाथरवट लागतो, त्याला मजुरी द्यायला राजा नाहीतर सावकार लागतो. त्यामुळे आमचे शिलालेख दानाचे, जीर्णोद्धाराचे, शापाचे. रागाच्या भरात येता जाता लिहिलेलं सहसा नसतं. तुमच्याकडे आहे. लॅटिनमध्ये कुणीतरी लिहून ठेवलंय की कोपऱ्यांचे सांधे नीट जुळवलेले नाहीत, मी थुंकतो! आमच्या रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीचं नाव आहे, ‘सेवेचे ठायी तत्पर’. एकानं पायरीवर नाव कोरून सेवा अर्पण केली, दुसऱ्यानं खांबावर लिहून दुसऱ्याचं काम काढलं. पण खरं सांगू? मला तो थुंकणारा जास्त जवळचा वाटला. घराच्या फरशीचं काम करून घेताना मीही अगदी असंच बोलले होते.

दुसरीकडे, बार्बरा म्हणजे नुसती रानटी पोर आहे, अशी तक्रार. आणखी एका खांबावर दारूबद्दल, की शहाणपण ज्याला हात लावतं ते दारू मोडून टाकते. आमच्या गडांवर पोरं बदाम काढून नावं लिहितात तेव्हा मी तावातावानं बोलते. ते आठवून तुम्हाला विचारलं, हे जुनं म्हणून वारसा आणि आत्ताचं म्हणून गुन्हा, हा कुठला न्याय? तुम्ही म्हणालात, पाचशे वर्षं थांबा, मग ठरवू. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

मग तुम्ही मला टॉवरखाली नेलंत. उत्तरेच्या भिंतीकडे बोट केलंत आणि मागे सरकलात. हेच मला फार आवडलं. वाचून दाखवलं नाहीत. शोधू दिलंत.

पहिला आकडा लागला तोच मला हसू फुटलं. कोरणाऱ्यानं साल सरळ लिहिलेलंच नाही. हजार, शंभर तीनदा, दहा पाचदा, असं वृत्तात बसवलंय. म्हणजे 1350. आमच्या संस्कृत लेखांत वेद म्हणजे 4, बाण म्हणजे 5, चंद्र म्हणजे 1, असे शब्द घालून शक सांगायची रीत आहे, तिचाच हा लांबचा चुलतभाऊ. पण पुढचे शब्द तुम्ही पुठ्ठ्यावर लिहिलेल्या भाषांतरातून वाचले आणि हसू थांबलं. दीनवाणं, रानटी, सैरभैर साल. साक्ष द्यायला उरलाय तो माणसांतला गाळ.

काळा मृत्यू, म्हणजे प्लेगची साथ, 1348 मध्ये इंग्लंडात उतरला. देशातली तिसरा ते निम्मा हिस्सा माणसं गेली. हे आकडे मी आधी वाचलेले होते, परीक्षेत लिहिलेही असतील. पण तो ‘गाळ’ हा शब्द कुणी स्वतःसाठी वापरलाय, हे आडव्या उजेडात पाहणं वेगळं. चांगली होती ती गेली, आम्ही उरलो, असं तो म्हणतोय.

आजीबाई, तुम्ही तेव्हा विचारलंत, बरं वाटत नाही का, आणि मी पाणी मागितलं. कारण तेव्हा सांगता आलं नाही, आता सांगते. आमच्याकडे गावोगावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवायचा. 1896 नंतर मुंबई इलाख्यात प्लेग पसरला, तोच रोग, साडेपाचशे वर्षांनी. त्या सालांची पानं मी वाचलेली आहेत. जन्माची बाजू विरळ, मृत्यूची बाजू भरगच्च, आणि अक्षर घाईनं लपेटलेलं, रेघ कुठे सुरू झाली, कुठे संपली कळू नये असं. वाचून झालं की मी चहाच्या दुकानात जाऊन बसते. पण ते सरकारी लिखाण होतं. नाव, वय, जात, रोग. लिहिणाऱ्याला काय वाटलं याला रकाना नव्हता. तुमच्या भिंतीवर फक्त तो एकच रकाना आहे, बाकी सगळे गाळलेले.

खालची ओळ मला नंतर ट्रेनमध्ये उलगडली. शेवटी प्रचंड वारा, मॉरस जगात गरजतो, 1361. ते वादळ आलं संत मॉरसच्या दिवशी, 15 जानेवारीला, आणि आजच्या हिशेबात साल 1362. नॉरिच कॅथेड्रलचा शिखरमनोराही त्यातच कोसळला. तेव्हा तुमच्याकडे वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणून भिंतीवर 1361. आमच्या जुन्या कागदांवरचा शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतो, त्यामुळे मोडी कागदांवर आम्ही असल्या एका वर्षाच्या फरकात रोज अडखळतो. तुमच्या भिंतीवरही अडखळले आणि माहेरी आल्यासारखं वाटलं. 1361 मध्येच प्लेग पुन्हा आला होता, आणि त्यात लहान मुलं फार गेली. उरलेल्या गाळाच्या वाट्याला हेही.

त्याच टॉवरमध्ये एका मोठ्या चर्चचं कोरलेलं चित्र दाखवलंत. लंडनचं जुनं सेंट पॉल असावं, असं बहुतेक जाणकार मानतात. त्याचा शिखरमनोरा 1561 मध्ये वीज पडून गेला आणि उरलेलं 1666 च्या आगीत. असेलही. मी मात्र तोवर वरच्या त्या ओळींतच अडकले होते, चित्राकडे नीट पाहिलं नाही. तुम्ही एवढं प्रेमानं दाखवत होतात, क्षमा असावी.

बाहेर पडलो तेव्हा संधिप्रकाश होता. गावातल्या झऱ्यांकडे, ॲश झाडांच्या खाली खडूच्या थरातून पाणी फुटतं तिकडे, तुम्ही मला वाट दाखवलीत, आणि शेवटी स्वतःच्या गाडीनं स्टेशनवर सोडलंत. वाटेत आपण हवामानाबद्दल बोललो.

आता मुख्य गोष्ट. गाडीत कोटाच्या खिशात हात घातला तर तुमची टॉर्च. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच पाठवायची तर दोन दिवसांनी माझं परतीचं विमान, आणि ती सामानातून इकडे आली. इथे आल्यावर, तुमची परवानगी न घेता, वापरली. आमच्या गावच्या देवळाची उंबऱ्याखालची पायरी आहे, तिच्यावर काही नाही असं सगळे सांगायचे. रात्री आठ वाजता पुजाऱ्याच्या पोराला घेऊन गेले, पायरीशी पालथी पडले आणि टॉर्च आडवी धरली. दीड ओळ मिळाली. ‘चरणी तत्पर’ एवढं नक्की, त्याआधीचं नाव झिजलंय. पोरगा म्हणाला, काकू, मला द्या ना. मी दिली. बोट लावू नकोस म्हटलं.

टॉर्च लेकीच्या हाती पाठवत आहे. सेल नवे घातलेत. बटण मध्येच अडकतं, पण ते तुमच्याकडे होतं तेव्हाही अडकत होतं, मी बिघडवलेलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
उशिरा आलेली ती बाई