ओढ्याचे पाणी पहाटे तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावचा ओढा मार्कंडेय नदीला मिळतो. मे महिन्यात पहिला वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या कडेला बारीक मासे पांढरे पडून तरंगताना दिसतात. कुणीतरी औषध टाकले, असे चावडीवर ठरते आणि विषय तिथेच संपतो. कधी ते खरेही असेल. पण मी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून आयुष्य काढले आहे. औषधाआधी पाण्यातला प्राणवायू पाहावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

आधण ठेवल्यावर उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा. पाणी तापले की तिला आत राहता येत नाही. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसचे पाणी लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते, ३० अंशांचे फक्त ७.६. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने इथे हवेचा दाब कमी, म्हणून त्यातलेही आठ-नऊ टक्के वजा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार माशांसाठी किमान ४ मिलिग्रॅम लागतो. म्हणजे स्वच्छ पाणी उन्हाळ्यातही माशाला पुरते. पण आमच्या ओढ्यात गटाराचे पाणी येते. ती घाण कुजवणारे जिवाणू प्राणवायूवरच जगतात, आणि उष्म्यात त्यांचे काम जोरात चालते. त्यात गरम पाण्यात माशाचा श्वासही वाढतो. साठा आटलेला आणि खाणारी तोंडे वाढलेली, अशी ती वेळ असते.

दुपारी शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करत असते, त्यामुळे तेव्हा आकडा चांगला दिसतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरू लागते आणि पहाटे उजाडण्याच्या सुमारास पातळी सगळ्यात खाली जाते. वळवाच्या पाण्याने रस्त्यावरची घाण ओढ्यात येते, तळाचा काळा गाळ ढवळतो, आणि त्यावर रात्र गेली की मासे गुदमरतात. मरळ आणि मागूर तेवढे वर येऊन हवेतला श्वास घेतात म्हणून तगतात. नुसते बारीक मासे मेले आणि मरळ वाचला, तर आधी प्राणवायूचा संशय घ्यावा.

आमच्याकडे नमुना घ्यायला माणूस येतो तो अकरा-बारा वाजता. त्या बाटलीतला आकडा खोटा नसतो, पण माशांवर बेतली ती वेळ त्यात नसते. माझी विनंती एवढीच की एप्रिल-मे मध्ये आणि पहिल्या वळवानंतर नमुना पहाटे घ्यावा, जागेवरच पाण्याचे तापमान नोंदवावे, बाटलीत बुडबुडा राहू देऊ नये आणि प्राणवायू स्थिर करणारी रसायने तिथेच घालावीत. बाटली तशीच गाडीत तापत शहरात नेली तर तपासणीला अर्थ उरत नाही.

दुसरे, सफाईच्या नावाखाली जेसीबीने काठावरचे करंज आणि उंबर उपटणे थांबवावे. मी स्वतः थर्मामीटर घेऊन उतरलो आहे. सावलीतल्या डोहाचे आणि झाडे गेलेल्या उघड्या पात्राचे पाणी हाताला सुद्धा वेगळे लागते. गाळ काढायचा तर एका काठाने काढता येतो, दुसऱ्या काठाची झाडे राहू शकतात. गटार वळवायला वर्षे लागतील, हे मला समजते. झाड न तोडायला पैसा लागत नाही.

बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतकऱ्यांनीही हे आपापल्या शिवारात पाहावे. कुणाला पहाटेचा नमुना घ्यायला सोबत हवी असेल, तर मी बाटल्या घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक,
ता. जि. बेळगाव