सोनं काढा, पण आर्सेनिक कुठे ठेवणार ते आधी सांगा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

राजस्थानात बांसवाड्याच्या भुकिया-जगपुराला होऊ घातलेल्या सोन्याच्या खाणीची बातमी आली की आपल्या बडोद्यात किती टन सोनं निघणार एवढीच चर्चा होते, पण त्या दगडात सोन्यासोबत आर्सेनोपायराईट (लोखंड, गंधक आणि विषारी आर्सेनिक यांचं खनिज) पण आहे आणि आर्सेनोपायराईटमध्ये वजनाने जवळजवळ ४६ टक्के आर्सेनिक असतं, हे कोणीच बोलत नाही. मही नदी बांसवाड्यातूनच खाली येते आणि फाजलपूर, पोइचाच्या फ्रेंच वेलमधून (नदीपात्रातल्या विहिरींतून) तिचंच पाणी आपल्या नळाला येतं, म्हणून हे पत्र.

असल्या दगडात सोनं बऱ्याचदा इतकं बारीक अडकलेलं असतं की दळून सोनं विरघळवणाऱ्या सायनाईडमध्ये टाकलं तरी सुटत नाही, आधी सल्फाईड (आर्सेनोपायराईटसारखं गंधकाचं खनिज) फोडावं लागतं. जुनी पद्धत भट्टीत भाजायची. त्यात आर्सेनिक धुरातून उडतं, थंड झालं की आर्सेनिक ट्रायऑक्साईडची पूड बनते आणि ही पूड पाण्यात विरघळते. कॅनडात यलोनाईफच्या जायंट माईनमध्ये १९९९ पर्यंत हेच चालायचं, मग मालक कंपनीचं दिवाळं निघालं आणि तिथे २ लाख ३७ हजार टन पूड अजून जमिनीखाली पडून आहे, ती पाण्यात जाऊ नये म्हणून आजूबाजूचा खडकच गोठवून ठेवायचं काम सरकारी पैशाने चाललंय!

दुसरे मार्ग आहेत आणि ते काही आजचे नाहीत. दक्षिण आफ्रिकेत फेअरव्ह्यूला १९८६ पासून बॅक्टेरिया वापरून सल्फाईड फोडतात, काही ठिकाणी ऑटोक्लेव्हमध्ये (प्रेशर कुकरसारख्या बंद टाकीत) २०० डिग्रीच्या आसपास ऑक्सिजनच्या प्रेशरखाली फोडतात. या दोन्हीत आर्सेनिक हवेत न जाता लोखंडासोबत घट्ट बसतं, त्यातून स्कोरोडाईट (लोखंड-आर्सेनिकचं घट्ट खनिज) नीट तयार झालं तर ते फार कमी विरघळतं. पण त्यासाठी लोखंड पुरेसं लागतं, आणि सायनाईडचा गाळ अल्कलाईन असतो, त्यात हे मिसळून टाकलं तर आर्सेनिक परत सुटायला लागतं, तेव्हा हा गाळ साठवायचं तळंसुद्धा वेगळं पाहिजे. खर्च वाढतो, मान्य आहे, पण तो खाणवाल्यांनी करावा.

गुजरात सरकारने आणि आपल्या महापालिकेने राजस्थानला लेखी विचारावं की पद्धत कुठली, आर्सेनिक कुठल्या रूपात आणि कुठे राहणार. आणि महीच्या पाण्यातलं आर्सेनिक आत्तापासून दर महिन्याला तपासून आकडे जाहीर करावेत, पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम आहे, खाण सुरू व्हायच्या आधीचे आकडेच हातात नसतील तर नंतर वाढ झाली हे दाखवणार कसं?

एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा