गडद काचेवरचे ठिपके

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, शंभरातल्या चाळीस काचा भंगारात गेल्या, आणि जो तो दुसऱ्या पाळीकडे बोट दाखवतोय." मी नुसतं हं हं करत राहिलो. फोनवर मला सुचत नाही. कागद पुढ्यात असला की बरं पडतं.

तुमच्या काचेची, म्हणजे वीज दिली की गडद होणाऱ्या इलेक्ट्रोक्रोमिक काचेची, गंमत अशी की ती उजळ असताना साळसूद दिसते. दोन-तीन व्होल्ट दिले, लिथियमचे आयन टंगस्टन ऑक्साइडच्या थरात शिरले आणि काच निळी झाली, की मग काचा नापास करणारे ते पांढरे ठिपके चांदण्यांसारखे उमटतात. चांदण्यांची उपमा उगाच देत नाही. एक मीटरवरून आपल्या डोळ्याला साधारण ०.३ मिलिमीटरहून बारीक तपशील वेगळा ओळखू येत नाही. तरीही काळोखातला उजळ ठिपका त्याच्या कितीतरी खालचा असला तरी खुपतो. चांदणीचंही तेच, नाही का?

त्यात ठिपका वाढवायला वीज मदत करते. काचेवर चढवलेले पाचही थर मिळून जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन, म्हणजे तीन मायक्रॉनचा कण तिथे धोंड्यासारखा. तो थरांखाली गाडला जातो, नंतर कधीतरी निखळतो, आणि त्या भोकातून वरचा वाहक थर खालच्याला टेकतो. मग वीज आयन ढकलायचं सोडून तिथूनच पळ काढते. पारदर्शक वाहक थर काही तांब्याची तार नव्हे, त्याचा रोध चांगलाच असतो. त्यामुळे त्या जागेभोवतीचं व्होल्टेज पडतं आणि मिलिमीटरभर, कधी सेंटिमीटरभर रुंदीचं फिकट कडं दिसतं. कण निखळायला वेळ लागतो, म्हणून आज पास झालेली काच पाच-पन्नास वेळा उजळ-गडद केल्यावर नापास होऊ शकते. एकदाच गडद करून शिक्का मारू नका.

आता तुझ्या चाळीस काचांकडे येतो. समज, दर चौरस मीटरमागे सरासरी अर्धा ठिपका पडतो आणि ठिपके कुठेही, कसेही पडतात. मग १ चौरस मीटरच्या काचा ६१ टक्के निर्दोष निघतील आणि ३ चौरस मीटरच्या फक्त २२ टक्के. यंत्र तेच, माणसं तीच! म्हणून आधी एवढंच शोध: त्या आठवड्यात मोठ्या काचांच्या ऑर्डरी जास्त होत्या का? आकार न बघता सगळ्यांचं एकच यील्ड, म्हणजे निर्दोष काचांची टक्केवारी, काढलं, तर तो आकडा कारखान्याची तब्येत सांगत नाही, ऑर्डर बुकची सांगतो. दर चौरस मीटरला किती ठिपके, हा आकडा धर. तो निम्मा केलास तर लहान काचा ७८ टक्क्यांवर जातात आणि मोठ्या ४७ वर, म्हणजे दुपटीहून जास्त. मोठ्या काचेवर मेहनत फळते ती अशी.

बोट दाखवण्याबद्दल मात्र मी साधू नाही. मी काचेवर उष्णता परतवणारा लेप देणाऱ्या कारखान्यात होतो तेव्हा सोमवार आला की रिजेक्शन वाढायचं. तीन आठवडे आम्ही काच धुण्याच्या यंत्राच्या मागे लागलो. पाणी बदललं, ब्रश बदलले, रात्रपाळीच्या पोरांना बोलणी बसली, त्यातली बरीच माझीच. शेवटी एका ऑपरेटरने सहज विचारलं, "साहेब, रविवारी चेंबर उघडतो ना आपण?" तिथे उलगडा झाला. लेप चढवायच्या त्या चेंबरमधल्या शील्डवर, म्हणजे भिंती झाकणाऱ्या पत्र्यांवर, महिनोन्‌महिने साचलेला लेप उघडल्यावर गार व्हायचा, हवेतली वाफ शोषायचा, आणि सोमवारी पुन्हा तापला की त्याचे पापुद्रे सुटून थेट काचेवर. पोरांची माफी मी मागितली, पण उशिरा.

तुमच्याकडे लेसर आहे हे बरंय. शॉर्टची, म्हणजे दोन वाहक थर टेकल्याची, जागा किंचित तापते, थर्मल कॅमेऱ्यात ती सापडते, लेसर तिच्याभोवती बारीक वर्तुळ कोरून तिला वीजपुरवठ्यातून तोडतो, आणि मोठ्या कड्याचा जेमतेम दिसणारा ठिपका होतो. काच वाचते. माझी तक्रार लेसरशी नाही, तुमच्या तक्त्याशी आहे. दुरुस्त होऊन पास झालेली काच तुम्ही पहिल्या फटक्यात पास झालेल्या काचेबरोबरच मोजता, असं तू मागे म्हणाली होतीस. त्याने रोग झाकला जातो. दुरुस्तीआधीचे ठिपके वेगळ्या रकान्यात लिहायला लाव, मॅनेजर कितीही कुरकुरला तरी. गळतीचा प्रवाह, म्हणजे अशा भोकांतून निसटणारी वीज, तोही प्रत्येक काचेचा नोंदव. डोळ्याला दिसण्याआधी तो बोलू लागतो.

काठ आधी गडद होतात आणि मधला भाग मागून, त्याचा ठिपक्यांशी संबंध नाही. तो बसबारमधल्या, म्हणजे काठांवरच्या वीज देणाऱ्या पट्ट्यांमधल्या, अंतराचा आणि वाहक थराच्या रोधाचा प्रश्न. सध्या बाजूला ठेव. दोन्ही बाजूंच्या थरांची लिथियम सामावण्याची ताकद जुळत नसेल तर काच हळूहळू पूर्ण उजळेनाशी होते. तेही वेगळं दुखणं. काच तापवून ५०,००० वेळा उजळ-गडद करायच्या चाचणीत त्याचा निकाल लागेल. त्यावर सवडीने लिहीन.

तर मला फोटो पाठवू नकोस. त्या चाळीस काचांवरच्या ठिपक्यांचा नकाशा पाठव, प्रत्येक काच कोणत्या बाजूने आत गेली ते, आणि चेंबर शेवटचं उघडल्यानंतर किती तासांनी गेली तेही. सगळे नकाशे एकावर एक ठेवून बघू. ठिपके विखुरलेले असले तर धुण्याकडे आणि क्लीनरूमच्या हवेकडे वळू. एका काठाने रांग धरून आले असतील तर त्या बाजूची शील्ड आधी उतरवा, मग दुसऱ्या पाळीशी काय बोलायचं ते बोला.

तुझा,
बाबा