"पुढच्या गणपतीला" म्हणजे नेमकं कुठल्या, साहेब? गृहनिर्माण मंत्र्यांना एक खुलं पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

हे पत्र तक्रार म्हणून लिहीत नाहीये, म्हणजे तक्रार त्यात आहेच, पण अर्ज-विनंती टाइप नाही, ते आमच्या कमिटीने वेगळं दिलंय आणि त्याच्या झेरॉक्सवर आवक-जावकचा शिक्का पण घेतलाय. मला फक्त एवढंच विचारायचंय की तुम्ही लोक (तुम्ही एकटे नाही, आधीचे पण, सगळ्याच पक्षांचे) माइकवरून जे बोलता त्यातलं वचन कुठलं आणि नुसती आशा कुठली, हे आम्ही ओळखायचं कसं?

आमची लालबागमधली चाळ. सेसची (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) बिल्डिंग, पागडीचे (म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने राहणारे) भाडेकरू, टेकूवर उभे असलेले जिने, कॉमन संडास, सगळं तुम्हाला माहितीये. रिडेव्हलपमेंट ठरलं तेव्हा भूमिपूजनाला एक मंत्री आलेले. नाव घेत नाही. नारळ फुटला, शाली झाल्या, बिल्डरचा मुलगा मोबाइलवर शूट करत होता आणि मंत्रीसाहेब म्हणाले, "पुढच्या गणपतीला आपण सगळे नवीन घरात आरती करू." टाळ्याच टाळ्या. लालबागमध्ये गणपतीचं नाव घेऊन काही सांगितलं की टाळी वाजतेच, त्यात आमचा दोष नाही.

आता ते वाक्य थंड डोक्याने ऐका. बांधणार कोण ते नाही. कुठल्या साली ते नाही. नाही झालं तर कोण काय देणार ते नाही. पण बोलण्याचा सूर असा की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मंत्र्यांनी व्यक्त केली आशा, आम्ही घरी नेलं वचन. आणि नंतर विचारायला गेलो की त्यांचा पीए सांगणार, अहो साहेबांनी फक्त शुभेच्छा दिल्या होत्या.

तुम्ही म्हणाल एवढं काय शब्दांचा कीस काढताय. कीस शब्दांचा नाही साहेब, लोक त्या शब्दांवर आयुष्य मांडतात. आमच्या शेजारच्या काकूंचं सांगतो. चाळ खाली केल्यावर त्या कांजूरला भाड्याने गेल्या, अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. तिथे भिंतीला एक खिळा ठोकला नाही त्यांनी. काकांचा फोटो अजून साडीत गुंडाळून कपाटावर ठेवलाय कारण "आता काय, आपल्या घरी जायचंच आहे". तांब्या-पितळेची भांडी गोणीतून काढलीच नाहीत. रेशनकार्डावर पत्ता बदलला नाही. मुलाच्या लग्नाची बोलणी "घर होऊ दे मग" म्हणून दोनदा पुढे ढकलली. तिकडे घरमालक दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवतो आणि इकडे बिल्डरकडून येणारा भाड्याचा चेक आधी उशिरा यायला लागला, मग अर्धा आला, मग बंद. त्याच मंत्र्यांनी त्या दिवशी "प्रयत्न करू, पण दोन-तीन परवानग्या बाकी आहेत, चार-पाच वर्षं धरून चाला" असं सरळ सांगितलं असतं ना, तर काकूंनी खिळा ठोकला असता. मला तरी हा सगळा हिशोब त्या खिळ्यापाशीच येऊन थांबतो.

आशेला माझा विरोध नाही, गैरसमज नको. पण आशा ही आमची आम्ही ठेवतो, ती मोडली तर आम्ही आमचं बघून घेतो, कोणाच्या दारात जात नाही. वचनाचं तसं नाही. वचन दिलं की ते वाण्याच्या वहीत उधारी लिहावी तसं देणाऱ्याच्या नावावर चढतं आणि ते मागायला जाताना आम्हाला हात जोडायची गरज नसते. तुम्ही लोक काय करता, वचनाच्या आवाजात बोलता आणि वसुलीची वेळ आली की आशेच्या मागे लपता. याला आमच्याकडे कोपराला गूळ लावणं म्हणतात.

आणि गंमत म्हणजे हा फरक सरकारला कळत नाही असं अजिबात नाही. चांगला कळतो. घर घेणाऱ्यांना बिल्डरपासून संरक्षण देणारा रेरा कायदा २०१६ चा, आपल्याकडे तो राबवणारं महारेरा प्राधिकरण १ मे २०१७ पासून. त्यात बिल्डरला प्रोजेक्ट रजिस्टर करताना पूर्ण करायची तारीख लिहून द्यावी लागते. एग्रीमेंटमधल्या तारखेला पझेशन दिलं नाही तर कलम १८ प्रमाणे ग्राहक पैसे व्याजासकट परत मागू शकतो, किंवा थांबायचं असेल तर पझेशन मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. व्याज किती तेही ठरलेलं, स्टेट बँकेचा सगळ्यात वरचा एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत व्याजदर) अधिक २ टक्के. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप असं काही झालं तर मुदतवाढ, ते पण कायद्यात लिहिलंय. म्हणजे बघा, तारीख आहे, चुकली तर दंड आहे, आणि माफी कधी मिळणार तेही आधीच सांगितलंय. याला म्हणतात वचन. बिल्डरकडून ते कसं लिहून घ्यायचं हे तुमच्या सरकारी यंत्रणेला बरोबर जमतं.

पण आता त्याच प्लॉटवर या. एका बाजूला सेलचा, म्हणजे बाजारात विकायच्या फ्लॅटचा टॉवर, दुसऱ्या बाजूला आमची रिहॅबची, म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या पुनर्वसनाची बिल्डिंग. माती एक, बिल्डर एक, सिमेंटचा मिक्सर पण एकच. सेलमध्ये ज्याने फ्लॅट बुक केला त्याच्या हातात वर सांगितलेलं सगळं आहे. आणि ज्याची जागा खाली झाली म्हणून तो टॉवर उभा राहतोय त्या जुन्या भाडेकरूला महारेरा साधारणपणे ग्राहक धरत नाही, कारण त्याने घर विकत घेतलेलं नाही. म्हणजे ज्याने फक्त पैसे दिले त्याला वचन आणि ज्याने राहतं घर दिलं त्याला आशा! बिल्डरचे पैसे अडकले की तो कुठली बिल्डिंग आधी वर नेईल हे सांगायला काय ज्योतिषी लागत नाही. आमच्याकडे हेच झालं, सेलचे मजले चढत गेले आणि रिहॅब प्लिंथच्या (जोत्याच्या) वर आलंच नाही बरेच दिवस. रिहॅबवाल्यांना रेराखाली घ्या हे बोलणं नवीन नाहीये, बरीच वर्षं चाललंय. मग अडलंय कुठे?

विधिमंडळात तर याच्यावर खास कमिटीच आहे, आश्वासन समिती. लोकसभेत ती १९५३ पासून आहे. मला स्वतःला हे वाचून मजा वाटली, लोकसभेच्या समितीने मंत्र्यांच्या ठरावीक वाक्यांची यादीच करून ठेवलीय की हे बोललात तर ते आश्वासन धरणार. त्यात "विषय विचाराधीन आहे" पण आहे, आणि "मी यात लक्ष घालतो" पण! जे वाक्य आम्हाला वाटतं की टोलवण्यासाठी असतं तेच सभागृहात बोललं तर तीन महिन्यांत पूर्ण करून दाखवावं लागतं, नाहीतर मुदतवाढ मागावी लागते. पाळतात किती तो वेगळा विषय, पण नोंद तरी होते. तेच वाक्य भूमिपूजनाच्या मांडवात बोललं की हवेत. मंत्री तोच, खातं तेच, आवाज तर मांडवात जास्तच मोठा. फक्त ऐकणारे आमदार नसून भाडेकरू असतात.

जरा मागे जाऊ. १९९५ च्या निवडणुकीत मुंबईतल्या ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं असं सांगितलेलं. तीस वर्षं झाली, तो आकडा गाठला गेलेला नाही. यावर जास्त बोलत नाही, सगळ्यांनाच पाठ आहे.

गिरणी कामगारांचं मात्र बोलतो, कारण आमच्या चाळीत दर दुसऱ्या खोलीत एक होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार. गिरण्या गेल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर आले, आणि कामगारांना सांगितलं की याच जमिनींच्या हिश्श्यातून तुम्हाला घरं. पहिली मोठी सोडत निघाली २०१२ ला, ६,९२५ घरांची. अर्ज दीड लाखाच्या घरात. संप ते सोडत तीस वर्षं, तोवर अर्जावर वडिलांच्या जागी मुलाचं नाव लागायला लागलेलं. आणि आता राहिलेल्यांना काय सांगतात तर शेलू आणि वांगणी, म्हणजे बदलापूरच्याही पुढे. मला शेलू-वांगणीला नावं ठेवायची नाहीयेत, लोक राहतातच की तिथे. पण ज्याला परळमध्ये सांगितलं की तुला घर देणार, त्याने ते परळमध्ये बसून ऐकलं होतं आणि मुंबईतलंच घर समजला होता. सांगताना पत्ता सांगायचा नाही आणि देताना पत्ता बदलायचा, मग वर म्हणायचं बघा आम्ही शब्द पाळला. नाही साहेब. मोर्चे काढून घसा बसलेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या माणसांना कर्जतच्या गाडीचं टाइमटेबल दाखवणं याला शब्द पाळणं म्हणत नाहीत.

तुमच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. वरळीची बीडीडी चाळ. भूमिपूजन झालं एप्रिल २०१७ ला, काम रखडलं, २०२१ ला परत सुरुवात, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातात चाव्या पडल्या. १६० फुटाच्या खोलीतून ५०० फुटात. उशीर झालाच, पण झालं. आणि झालं का तर तिथे घराचा आकार किती, भाडं किती, कुठल्या चाळी आधी रिकाम्या करायच्या हे सगळं कागदावर होतं आणि लोकांनी करार हातात आल्याशिवाय खोल्या सोडायच्या नाहीत म्हणून हट्ट धरला होता. तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणून शिव्या बसल्या. आमच्या चाळीने असा हट्ट धरला नाही, सगळे समजूतदार निघालो.

झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत पण बघा, भाडं थकवणाऱ्या बिल्डरांमुळे लोक रस्त्यावर यायला लागले तेव्हा नियम आला की दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यायचे. म्हणजे मनात आणलं तर एका परिपत्रकाने होतं. आम्हा सेसवाल्यांना तेवढं तरी लावा की.

आणि कोर्टाचं म्हणाल तर तिकडे जायची आमची हौस नाही, ऐपत पण नाही. पण दिल्लीत एक केस झालेली ती तुमच्या माहितीसाठी. मार्च २०२० ला लॉकडाऊनमध्ये तिथल्या मुख्यमंत्र्यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की गरीब भाडेकरूला भाडं देणं जमलं नाही तर सरकार भरेल. भरलं नाही. लोक हायकोर्टात गेले, जुलै २०२१ ला एका न्यायमूर्तींनी निकाल दिला की मुख्यमंत्र्याने असं जाहीरपणे सांगितलेलं हे पाळायला लावता येण्यासारखं वचन आहे, नुसतं बोलून सोडून देता येणार नाही. सरकार अपिलात गेलं आणि सप्टेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे भाडं काही मिळालं नाही. सरकारची बाजू काय तर साहेब तसं बोललेच नव्हते, त्यांचं म्हणणं वेगळं होतं. ओळखीचं वाटतं ना?

उद्योगपतींचं मात्र बरं असतं. सुप्रीम कोर्टाने १९७९ सालीच सांगून ठेवलंय, मोतीलाल पदमपत शुगर मिल्स विरुद्ध उत्तर प्रदेश, की सरकारने करमाफीचा शब्द दिला, त्यावर विसंबून कंपनीने कारखाना उभा केला, तर सरकारला मागे फिरता येत नाही. विसंबून कारखाना उभा केला तर शब्द पक्का. आणि विसंबून चाळ खाली केली तर? मी वकील नाही, पण डोकं आहे.

तर मागणी साधी आहे. यापुढे कुठल्याही रिडेव्हलपमेंटच्या कार्यक्रमाला आलात की बोलण्याआधी ठरवून या. आशा व्यक्त करायची असेल तर खुशाल करा, पण "ही माझी इच्छा आहे, खात्री नाही" एवढं त्याच माइकवरून बोला. टाळ्या कमी पडतील, पडू देत. आणि वचन द्यायचं असेल तर त्याच दिवशी खात्याच्या लेटरहेडवर एक पान द्या. त्यात रिहॅबला ओसी (राहायला जायची परवानगी) कधी मिळणार ती तारीख, भाडं थकलं तर कोणत्या अधिकाऱ्याला भेटायचं त्याचं पद, आणि तारीख चुकली तर सेलच्या टॉवरचं काम थांबवणार की नाही ते. हे पान चाळीच्या बोर्डावर लागू दे. अडचण आली, कोर्टाचा स्टे आला, बिल्डर बुडाला, तर तुमच्या माणसाने येऊन सांगावं की हे जमत नाहीये आणि याच्यामुळे जमत नाहीये. आम्ही समजून घेऊ. इतकी वर्षं दुसरं काय केलंय.

आमच्या प्लॉटची फाइल तुमच्याच खात्यात आहे, त्यामुळे हे पान आमच्यापासूनच सुरू केलंत तरी चालेल. उत्तर पाठवताना फक्त जुन्या पत्त्यावर पाठवू नका, ती बिल्डिंग आता नाहीये, पोस्टमनचा गोंधळ होतो. कमिटीच्या अर्जावर सेक्रेटरींचा विरारचा पत्ता आहे तिकडे टाका.

आपला,
लालबागचा एक भाडेकरू (सध्या मुक्काम डोंबिवली)